इगतपुरीला दहा दिवसांच्या मौनात जाण्याआधी

विपश्यना या ध्यानाच्या शिबिरावर मराठीत पुष्कळ लिहिलेलं सापडतं, पण ते बहुतेक पहाटे चारच्या घंटेपासून सुरू होतं. त्याआधीचे महिने कोणी फारसे सांगत नाही. अर्ज, प्रतीक्षा यादी, रजा, औषधं, मागे राहणाऱ्यांची सोय हे सगळं माझ्यासमोर डोंगरासारखं उभं होतं. डिसेंबरमध्ये इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रावर माझं पहिलं दहा दिवसांचं शिबिर झालं, आणि आता लिहायला बसले आहे ते मुख्यतः या तयारीबद्दल. नोकरी, घर आणि घरात वयस्कर माणूस असलेल्या कुणाला त्याचा उपयोग व्हावा.

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. त्यानंतर मला रात्री झोप लागेनाशी झाली, छातीत धडधडायचं, लोकलच्या गर्दीत श्वास अडकल्यासारखा व्हायचा. डॉक्टरांनी काही महिने गोळ्या दिल्या, त्या त्यांच्याच सल्ल्याने हळूहळू बंदही झाल्या. तब्येत सावरली, पण मन मात्र सतत कशाच्या तरी मागे धावत असायचं. मी एका कंपनीत हिशेब विभागात काम करते. तिथल्या माझ्या एका ज्येष्ठ सहकारी बाई बरीच वर्षं विपश्यना करतात. त्यांनी कधी आग्रह केला नाही. एकदा जेवणाच्या सुट्टीत मीच विचारलं, तेव्हा त्यांनी ही शिबिरं सुरू करणाऱ्या गोएंकाजींचे गुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याबद्दल सांगितलं. ते ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते आणि आपल्या कचेरीतल्या लोकांनाही ध्यान शिकवत. दिवसभर आकडेमोड करणारा, संसारी, सरकारी अधिकारी. हे ऐकल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की आपणही जाऊन बघावं. सत्यनारायण गोएंका त्यांच्याकडे १९५५ मध्ये गेले ते मायग्रेनने हैराण होऊन. १९६९ मध्ये ते भारतात आले, त्याच वर्षी मुंबईत पहिलं शिबिर झालं आणि १९७६ पासून इगतपुरीचं केंद्र सुरू झालं. २०१३ मध्ये ते गेले. आज शिबिरात त्यांच्या आवाजातली ध्वनिमुद्रणं असतात आणि सहायक आचार्य समोर बसून मार्गदर्शन करतात.

केंद्र कुठलं निवडायचं यात मी फार वेळ घालवला नाही. पुणे, नागपूर, कोल्हापूर, नाशिक, धुळे, मुंबईजवळ गोराई अशी महाराष्ट्रात बरीच केंद्रं आहेत आणि दहा दिवसांचं वेळापत्रक व शिकवण सगळीकडे एकच असते. तुम्हाला सोयीची तारीख जिथे मिळेल तिथे जा. डोंबिवलीहून मला इगतपुरी सोपं होतं, एवढंच.

अर्ज ऑगस्टमध्ये भरला. तो ऑनलाइन भरता येतो, आणि त्याआधी अनुशासन संहिता, म्हणजे शिबिराची नियमावली, वाचून ती मान्य असल्याचं कळवावं लागतं. ती घाईत वाचू नका. मी एका रविवारी सगळ्यांना बसवून ती मोठ्याने वाचून दाखवली: सासूबाई, नवरा, आणि दहावीतली मुलगी. दहाव्या दिवशी सकाळपर्यंत आर्य मौन, म्हणजे बोलणं नाही आणि खाणाखुणा नाहीत, नजरेनेही संवाद नाही. फोन, पुस्तक, वही-पेन काही नाही. स्त्री-पुरुषांची व्यवस्था पूर्ण वेगळी. मधेच सोडून यायचं नाही. पूजा, जप, उपवास, योगासनं, इतर कुठलीही साधना या काळापुरती बाजूला ठेवायची. अडचण आली तर व्यवस्थापनाशी आणि आचार्यांशी बोलता येतं. हे घरच्यांनी आधीच ऐकलेलं असलं की पुढचे अर्धे प्रश्न उरत नाहीत. मुलीने एकच विचारलं, "आई, म्हणजे मी फोन केला तरी तू उचलणार नाहीस?" मी नाही म्हटलं. ती थोडा वेळ गप्प झाली. त्या दिवसापासून तिचीही तयारी सुरू झाली असं मला वाटतं.

अर्जात नाव, वय, शिक्षण, व्यवसाय, भाषा, तातडीच्या वेळी कोणाला कळवायचं हे असतंच. खरा थांबा येतो तो तब्येतीच्या प्रश्नांपाशी. शारीरिक आजार, मानसिक आजार, चालू असलेली किंवा आधी घेतलेली औषधं, व्यसनं, याआधी केलेल्या इतर साधना असं सगळं विचारतात. माझ्या वहिनीने फोनवर सांगितलं, "त्या गोळ्यांचं कशाला लिहितेस? बंद झाल्यात ना? उगाच नाकारतील." माझ्याही मनात ते येऊन गेलं होतं. तो अर्ज मी दोन दिवस तसाच अर्धा ठेवला. मग विचार केला की दहा दिवस डोळे मिटून जे आहे ते बघायला शिकायचं, आणि दारातच लपवालपवी करून आत शिरायचं, याला अर्थ नाही. शिवाय हा सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. दिवसाचे दहा तास ध्यान ही मनाची मेहनत आहे. समोर बसलेल्या आचार्यांना तुमचं काय झालंय हे ठाऊक असणं तुमच्याच भल्याचं आहे. मी सगळं लिहिलं: निदान, औषधाचं नाव, सुरू केव्हा झालं, बंद केव्हा झालं. थायरॉइडची रोजची गोळीही लिहिली.

काही दिवसांनी केंद्राकडून त्याबद्दल आणखी विचारणा आली आणि डॉक्टरांचं पत्र मागितलं. मी डॉक्टरांकडे गेले, तपासणीचे आठशे रुपये झाले. डॉक्टर विपश्यनेबद्दल जाणून होते. त्यांनी झोपेबद्दल, भुकेबद्दल, बाबांची आठवण आली की काय होतं याबद्दल सविस्तर विचारलं, मग पत्र दिलं. निघताना म्हणाले, "औषध चालू असताना आली असतीस तर शिबिरासाठी म्हणून ते मी बंद करू दिलं नसतं. आणि वर्षापूर्वी विचारलं असतंस तर थांब म्हणालो असतो." हे मी मुद्दाम लिहिते आहे. ज्यांचा त्रास आत्ता ताजा आहे त्यांनी डॉक्टरांशी आणि केंद्राशी मोकळेपणाने बोलावं, आणि थांबायला सांगितलं तर थांबावं. शिबिरं वर्षभर होत असतात.

सप्टेंबरमध्ये कळलं की मी प्रतीक्षा यादीत आहे. हा काळ मला जड गेला, कारण रजा मागावी की नाही, गाडीचं आरक्षण करावं की नाही, काहीच ठरवता येत नाही. जागा मिळाल्याचं पत्र नवरात्रात आलं. त्यावर काम संपत नाही. शिबिर जवळ आलं की केंद्र पुन्हा विचारतं की तुम्ही नक्की येताय ना, आणि त्याला उत्तर द्यावं लागतं. नाही दिलं तर जागा दुसऱ्याला जाते, आणि ते योग्यच आहे. त्या दिवसांत ईमेलचा स्पॅम फोल्डरही रोज बघत जा. येणं जमत नसेल तर लवकर कळवा, प्रतीक्षा यादीत माझ्यासारखं कुणीतरी वाट बघत असतं.

रजेचा हिशेब नीट करा. नाव दहा दिवसांचं शिबिर असलं तरी आदल्या दिवशी दुपारी पोहोचावं लागतं आणि अकराव्या दिवशी सकाळी सुटका होते. माझं शिबिर बुधवारी सुरू होऊन त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या रविवारी संपणार होतं, म्हणजे कॅलेंडरवर बारा दिवस. महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी विपश्यनेच्या रजेची तरतूद आहे, त्यांनी आस्थापना शाखेत तिच्या अटी विचारून घ्याव्यात. आमच्यासारख्या खासगी नोकरीत साठवलेली रजाच कामी येते. मी मार्च आणि सप्टेंबर टाळून डिसेंबर धरला होता, तरी हिशेबवाल्यांना रिकामा पंधरवडा असा मिळतच नाही. सात तारखेला टीडीएसचा, म्हणजे कापलेल्या कराचा भरणा, अकरा तारखेला जीएसटीआर-१ हे जीएसटीचं विवरणपत्र. सरांना मी ऑक्टोबरातच सांगितलं, आणि "मी फोनवर उपलब्ध नसेन" हे वाक्य स्पष्टपणे दोनदा उच्चारलं. लोक "तसं काही लागलं तर करू फोन" असं गृहीत धरून चालतात. सहकाऱ्याला प्रत्येक कामाचा कागद करून दिला, त्याच्याकडून नोव्हेंबरचं काम एकदा माझ्यासमोर करून घेतलं. पासवर्ड कंपनीच्या नियमाप्रमाणे सुपूर्द केले.

घरची तयारी याहून मोठी होती. सासूबाईंना मधुमेह आहे, सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या आणि रात्रीचं इन्शुलिन. त्या शांतपणे म्हणाल्या, "तू जा गं बिनघोर. मला फक्त मोठ्या अक्षरात लिहून ठेव." मी मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावलं, आणि इन्शुलिन द्यायचं काम नवऱ्याने महिनाभर आधीपासून अंगावर घेतलं, म्हणजे मी निघाल्यावर ते नवं राहिलं नाही. नोव्हेंबरात सासूबाईंच्या निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला असतो, तो पहिल्याच आठवड्यात बँकेत जाऊन करून टाकला.

आणि मार्गशीर्ष. आमच्याकडे मार्गशीर्षातल्या गुरुवारी घट मांडतात आणि माझा उपवास असतो. शिबिरात उपवास चालत नाही, पूजाही नाही. सासूबाईंना हे सांगताना मला संकोच वाटत होता. बुद्धाचं आहे म्हणजे आपलं सगळं सोडायचं का, असंही त्यांनी विचारलं. मी त्यांना सांगितलं की धर्म बदलायला कुणी सांगत नाही, तिथे सगळ्या धर्मांची माणसं येतात. शिकवतात ते एकच काम मन लावून करता यावं म्हणून बाकीचं तेवढे दिवस बाजूला ठेवायचं. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "मग गुरुवार यंदा धाकटी करेल." जाऊबाईंनी आनंदाने घेतलं. पाळीबद्दलही सासूबाईंनी हळूच विचारलं होतं. पाळी आली तरी ध्यानकक्षात बसायला कसलीही आडकाठी नाही. लागणारं सामान मात्र पुरेसं बरोबर ठेवा.

ज्याचा मी सुरुवातीला विचारच केला नव्हता ते म्हणजे ओटीपी. बँकेचा, विजेच्या बिलाचा, मुलीच्या शाळेचा, गॅस सिलिंडर घेताना सांगायचा कोड, सगळं माझ्याच नंबरवर. फोन इगतपुरीला नेऊन कपाटात बंद केला असता तर घरचा गॅस अडला असता. म्हणून मी फोन घरीच ठेवायचं ठरवलं. तिकीट, पत्र, आधार कार्ड सगळं कागदावर घेतलं आणि चार महत्त्वाचे नंबर चिठ्ठीवर लिहिले. केंद्राच्या कार्यालयाचा नंबर नवऱ्याकडे आणि जाऊबाईंकडे दिला. मग आम्ही दोघांनी बसून ठरवलं की नेमकं काय झालं तर केंद्रावर फोन करायचा. रुग्णालयात भरती करावं लागलं किंवा कुणाचं काही बरंवाईट झालं तर. मुलीची चाचणी परीक्षा, पाहुणे, नळाची गळती यांसाठी नाही. ही बोलणी अवघड असतात, पण ती करून जा. तिथे बसल्यावर मनात सगळ्यात जास्त वेळा येतो तो हाच प्रश्न, घरी काही झालं असेल का, आणि त्याला दर वेळी तेच उत्तर देता आलं पाहिजे: झालं असतं तर कळलं असतं.

शरीराची तयारी ऑक्टोबरच्या शेवटी सुरू केली. खुर्चीत बसून काम करणाऱ्याला मांडी घालून बसणं सोपं नसतं. मी रोज रात्रीचं जेवण खाली बसून घ्यायला लागले, टीव्हीही जमिनीवर बसूनच बघायचा. आधी पंधरा मिनिटांत पाय बधिर व्हायचे, महिन्याभरात अर्धा तास जमायला लागलं. गुडघ्यांचा किंवा कंबरेचा खरा आजार असेल तर अर्जात लिहा, गरज असणाऱ्याला खुर्ची मिळते. तिथे बसायला आसनं आणि उशा असतात, आपल्या घेऊन जायची गरज नाही. झोपेची वेळ दर आठवड्याला थोडी मागे आणत गेले, शेवटी नऊला झोपून साडेचारला उठण्यापर्यंत आले. चहाही हळूहळू कमी केला, कारण ऑफिसात होतो तसा चहा तिथे दिवसभर मिळत नाही आणि एकदम तोडला की डोकं दुखतं. दुपारचं जेवण अकराला असतं. त्यानंतर संध्याकाळी पाचला नव्या साधकांना चहा किंवा दूध, फळ, कुरमुरे, एवढंच. जुन्या साधकांना, म्हणजे आधी शिबिर केलेल्यांना, तेही नाही, फक्त लिंबूपाणी. मधुमेहाच्या रुग्णांनी हे डॉक्टरांना दाखवून, केंद्राला आधी सांगून मगच जावं.

ध्यानाची पूर्वतयारी मात्र मी काही केली नाही, कारण सहकारी बाईंनी तसंच सांगितलं होतं. "वाचून जाऊ नकोस फार. तिथे ते पहिल्यापासून शिकवतात." हे मला आज पूर्ण पटतं. दुसऱ्याला चौथ्या दिवशी काय जाणवलं हे वाचून गेलात तर तुम्ही तेच शोधत बसाल.

बॅग भरताना केंद्राच्या पत्रातली यादी समोर ठेवा, अंथरूण-पांघरुणापासून सगळं त्यात असतं. सैल, अंग झाकणारे कपडे लागतात. मी जुने सुती सलवार-कुडते आणि ओढण्या घेतल्या. लेगिंग, बिनबाह्यांचं किंवा पारदर्शक काही चालत नाही. डिसेंबरातली इगतपुरीची पहाट बोचरी असते, त्यामुळे स्वेटर, शाल, मोजे, कानटोपी. विजेरी, गजराचं साधं घड्याळ, कुलूप, पाण्याची बाटली, सहज काढता-घालता येतील अशा चपला, कपडे धुण्याचा साबण. अत्तर, सुगंधी तेल, वासाची क्रीम नको. दागिने मी सगळे घरी ठेवले, आणि काचेच्या बांगड्याही काढल्या. त्याचं महत्त्व तिथे गेल्यावर समजतं. शेकडो माणसं नि:शब्द बसलेली असताना एका हाताची हालचालसुद्धा ऐकू येते. त्याच कारणाने सामान प्लॅस्टिकच्या कुरकुरणाऱ्या पिशव्यांत भरू नका, कापडी पिशव्या घ्या. पहाटे चारला खोलीतली दुसरी बाई तुम्हाला मनातल्या मनात दुवा देईल. औषधं चार दिवस जास्तीची, चिठ्ठीसकट.

खर्च विचारणाऱ्यांसाठी: शिबिराचं, राहण्याचं, जेवणाचं काहीही शुल्क नाही. निघण्यापूर्वी कुणी पैसे मागितले तर ते केंद्राचं काम नव्हे. माझा खर्च झाला तो डॉक्टरांच्या फीचा, एका शालीचा आणि मोज्यांचा, आणि रेल्वेच्या तिकिटाचा. कल्याणहून इगतपुरीचं साधं तिकीट शंभर रुपयांच्या आत येतं. लोकलने कसाऱ्यापर्यंत जाऊन पुढे घाटातून शेअर जीपनेही लोक जातात.

निघायच्या आदल्या रात्री मला पोटात गोळा आला होता. बॅग भरलेली होती, तरी मी स्वयंपाकघरात काही ना काही करत राहिले. नवरा म्हणाला, "आता काही उरलेलं नाही. झोप." खरंच काही उरलं नव्हतं.

बुधवारी सकाळी कल्याणला गाडी पकडली. कसाऱ्याला मागून गाडी ढकलणारी बँकर इंजिनं लागली आणि गाडी थळ घाट चढू लागली. बोगद्यामागून बोगदे. फोन नसल्याने मी खिडकीतून बघत होते, हाताला सारखी पर्स उघडायची सवय होती ती दिसत होती. इगतपुरी स्टेशनपासून धम्मगिरी जवळच आहे, सामान कमी असेल तर चालत जाता येतं, रिक्षाही मिळतात. दुपारी नोंदणी सुरू असते. छापलेलं पत्र आणि मूळ ओळखपत्र हातात ठेवा. पुन्हा एक अर्ज भरून घेतात, तब्येतीचे प्रश्न पुन्हा येतात, नियम मान्य आहेत ना हे पुन्हा विचारतात. माझ्या डॉक्टरांच्या पत्राबद्दल तिथे थोडं बोलणं झालं, आणि काही वाटलं तर लगेच सांगा असं त्यांनी सांगितलं. मौल्यवान वस्तू जमा केल्या. खोली मिळाली. रांगेत आम्ही बायका खूप बोललो. नांदेडची एक शिक्षिका होती, सांगलीहून आलेल्या सासू-सुना होत्या, नुकतीच नोकरी सोडलेली एक मुलगी होती. संध्याकाळी हलकं जेवण आणि सूचना झाल्या. रात्री ध्यानकक्षात शरण आणि शील, म्हणजे बुद्ध-धम्म-संघाला शरण आणि पाच नियम, घेतलं आणि मौन सुरू झालं.

आतल्या दिवसांबद्दल मी थोडक्यातच लिहिते. पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष. चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे शरीरावरच्या संवेदना तटस्थपणे बघणं, शिकवतात आणि तिथून रोज तीनदा तासभर न हलता बसायचं, त्याला अधिष्ठान म्हणतात. जमिनीवर बसायचा सराव केलेला असूनही गुडघे पेटले. दुपारी बारा ते एक आचार्यांना भेटता येतं. मी गेले, त्यांनी शांतपणे ऐकलं आणि उशी कशी ठेवायची इथपासून सांगितलं. संध्याकाळी सातच्या प्रवचनाची मी वाट बघायचे, कारण दिवसभर जे झालं त्याचा अर्थ तिथे लागायचा. न बोलण्याचा मला त्रास झाला नाही, उलट फार मोठा आराम वाटला. कठीण होतं ते मन. सहाव्या दिवशी बाबा खूप आठवले, मी बसल्या जागी रडले, आणि रात्री झोप लागेना तेव्हा जुनी भीती परत आली की ते सगळं पुन्हा सुरू होतंय. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते आचार्यांना सांगितलं. त्यांना माझा पूर्वेतिहास ठाऊक होता, त्यामुळे पहिल्यापासून समजवावं लागलं नाही. काही काळ फक्त श्वासावर राहा म्हणाले, थोडं चाला म्हणाले, झोप नाही लागली तरी नुसतं पडून राहा म्हणाले. मी तसं केलं आणि दोन दिवसांत निवळलं. अर्जातलं ते एक उत्तर मी गाळलं असतं तर त्या दुपारी मी काय बोलले असते, याचा विचार मी नंतर बऱ्याचदा केला.

आणि घर? अकरा तारखेच्या आसपास जीएसटीआर-१ आठवलंच. पण त्याचा कागद मी करून दिला होता, तो डोळ्यासमोर आला आणि विचार पुढे सरकला. इन्शुलिनचं तसंच. ज्या दोन गोष्टी मी अर्धवट सोडून आले होते, एका मैत्रिणीला द्यायचं उत्तर आणि मुलीशी निघायच्या आठवड्यात झालेला वाद, त्या मात्र पहाटे साडेचारच्या बैठकीत रोज हजर असायच्या. जाण्याआधी ज्यांच्याशी काही बोलायचं राहिलंय त्यांच्याशी बोलून घ्या, ही माझी सगळ्यात कळकळीची सूचना आहे. बिलं आणि गोळ्या यांच्याइतकंच तेही तयारीत धरा.

दहाव्या दिवशी सकाळी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतायची साधना, शिकवतात आणि मौन सुटतं. आवाज पहिल्यांदा खूप मोठे वाटतात. नांदेडच्या शिक्षिकेशी मी तेव्हा तासभर बोलले. दान द्यायचं असेल तर तेही आता, एक शिबिर पूर्ण केल्यावरच देता येतं, आणि ऐच्छिक असतं. पुढच्या साधकांच्या जेवणाखाण्याची सोय त्यातून होते. ज्यांना पैसे देणं शक्य नाही ते नंतर धम्मसेवक म्हणून सेवा द्यायला येऊ शकतात.

परतीच्या तिकिटाचं सांगते. अकराव्या दिवशी पहाटेची बैठक, नाश्ता, खोलीची साफसफाई, जमा केलेल्या वस्तू परत घेणं यात साडेसात-आठ सहज होतात. त्यामुळे आठच्या सुमाराची गाडी धरू नका, दहानंतरची बघा. आणि सोमवारी लगेच कामावर जाऊ नका. मी रविवारी दुपारी घरी पोहोचले, मुलीला जवळ घेतलं, तिच्याशी तो वाद मिटवला, आणि फोन दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उघडला नाही. सोमवारची जादा रजा मी आधीच टाकली होती. घरी रोज सकाळ-संध्याकाळ तासभर बसायला सांगतात. माझी सकाळची बैठक होते, संध्याकाळची अजून रोज जमत नाही. गावोगावी साप्ताहिक सामूहिक साधना होतात, जवळची कुठे आहे याची चौकशी दहाव्या दिवशी केंद्रातच करून ठेवा. घरी आल्यावर ते शोधायचं राहून जातं.